सहलीत मसणवट कशाला?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर पारोळा तालुक्यात, सासर जळगावला. येत्या डिसेंबरात घरची सात माणसं नागालँड-आसामच्या सहलीला निघाली आहेत. हॉर्नबिल महोत्सव, काझीरंगा, कोहिम्यात दोन मुक्काम. ताईंच्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. १९४४ साली इंफाळ-कोहिम्याच्या लढाईत ते गेले. घरी तार आली, बाकी काही आलं नाही. त्यांच्या बायकोला सगळं घर 'मोठी माय' म्हणायचं. तिने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, ती नवऱ्याच्या नावाने कुणाला भरू दिली नाही. "तो तठेच से," (तो तिथेच आहे) एवढंच म्हणायची. कोहिम्यात दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची वॉर सिमेट्री आहे. ताईंना तिथे जायचंय, आणि एवढ्यावरून घर बिनसलंय. सासूबाई म्हणतात, चार वर्षांच्या लेकराला घेऊन सहलीत मसणवट कशाला? सासरे मूळचे नंदुरबारचे. ज्या सरकारने शिरीषकुमारला गोळ्या घातल्या त्याच्या शिपायांपुढे मी हात जोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणतो, वेळापत्रकात बसत नाही. नवरा म्हणतो, "तिथं गेल्यावर बघू." ताई विचारतात, हट्ट सोडून देऊ, गुपचूप एकटी जाऊन येऊ, की सगळ्यांना नेऊ? आणि गेलेच तर तिथे करायचं काय असतं?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. शाळेतल्या बाईंच्या लिखाणावर खुणा करायची संधी मला परत कधी मिळणार! तर खुणा अशा. सासरबद्दल लिहिताना तुम्ही जागोजागी 'आमचं' लिहिलंय. आमची सहल, आमचं बुकिंग, आमची नात. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं पत्र, त्यांच्याबद्दल काय लिहिलंय? 'माझ्या माहेरचे एक जण.' त्याखाली मी दोन रेघा ओढल्या. तिसरी खूण 'हट्ट' या शब्दाला. सात माणसांच्या सहलीत सात जणांनी काही ना काही मागितलं असणार. नातीला गेंडा बघायचाय, सुनेला महोत्सवातली हातमागाची शाल घ्यायचीय, मुलाला डोंगरात भटकायचंय. त्यातल्या कशालाही तुमच्या पत्रात हट्ट म्हटलेलं नाही. तुमच्या दोन तासांनाच म्हटलंय, आणि म्हटलंय तुम्हीच.

म्हणून मला वाटतं, घरात वाद सिमेट्रीवरून चाललाय असं दिसत असलं तरी तुमच्या मनातला अडसर वेगळा आहे. माहेरच्या मेलेल्या माणसासाठी सासरच्या सहलीतला वेळ मागावा का, हा तो अडसर. हेच आजोबा तुमच्या सासऱ्यांचे चुलते असते, तर मुलाच्या वेळापत्रकात पहिल्याच दिवशी त्यांची जागा ठरली असती, आणि सासूबाईंनी न सांगता नारळ बांधून घेतला असता. हे मी सासरच्यांना दोष द्यायला म्हणत नाही. आपल्याकडे घरं अशीच चालतात. पण अडसर कुठे आहे ते कळलं की कुणाशी काय बोलायचं ते सोपं होतं.

आधी सासूबाई. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या आईने आम्हाला कधी मय्यतीच्या वाटेने शाळेत जाऊ दिलं नाही, आणि आज मीही रात्री त्या रस्त्याने गाडी जरा जोरातच काढते. पण त्यांना एक माहिती द्या. कोहिम्यात पुरलेले सैनिक १,४२०. ते मुख्यतः इंग्रज आणि इतर दफन होणाऱ्या धर्मांचे. हिंदू आणि शीख शिपायांना तिथल्या लढाईच्या धामधुमीतही अग्नी दिला गेला, म्हणून त्यांना थडगी नाहीत. टेकडीच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर एक स्मारक आहे, त्यावर अशा ९१७ जणांची नावं कोरलेली आहेत. सासूबाई ज्याला मसणवट म्हणतात, तिथे सरण असतं, राख असते, तिरडीचे बांबू पडलेले असतात. इथे टप्प्याटप्प्याने कापलेली हिरवळ आहे, फुलझाडं आहेत, बुटक्या दगडांवर पितळी-काशाच्या पाट्या आहेत आणि वर नावांची भिंत. तेही गावाबाहेर नाही, भर शहरात, रहदारीच्या रस्त्याला लागून.

हे सगळं सांगूनही त्या येतील असं मला वाटत नाही, आणि येऊ नयेतच. त्या पणतीला घेऊन हॉटेलात थांबतील, तेवढा वेळ तिलाही पणजीच्या गोष्टी मिळतील. मुद्दा वेगळा आहे. त्यांच्या वाक्यातला 'मसणवट' हा शब्द मला तितका टोचला नाही, 'सहलीत' हा टोचला. सुखाच्या दिवसात दुःखाचं कशाला, असा तो सूर. तुम्हीही तो मनातून मान्य केलाय, म्हणून तर पत्रात तीन ठिकाणी 'सगळ्यांचा विरस होईल' असं लिहिलंत.

ताई, आपण खानदेशातल्या बाया. आपल्याला आखाजी कुणी शिकवायला नको. त्या एका दिवशी एका घरात काय काय चालतं ते डोळ्यापुढे आणा. घरात लाल घागर भरलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज. सांजोऱ्या, रस, पुरणपोळी. चुलीतल्या निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी पडते, गेलेल्याचं नाव घेतलं जातं, कुणाचा तरी कंठ दाटतो. आणि त्याच वेळी मागच्या दारच्या कडुनिंबाला झोका बांधलेला असतो. माहेरी आलेल्या लेकी उंचच उंच झोके घेत गौराईची गाणी म्हणत असतात, हसून हसून पडत असतात. पितरांना पाणी आणि पोरींना झोका, एकाच दिवशी. आज पितरांचा दिवस आहे, झोका सोडा, असं म्हणणारी सासू मी तरी अजून पाहिलेली नाही. त्र्यंबकेश्वराला विधी करून येणारी माणसं नाशिकहून चिवडा घेतल्याशिवाय परतत नाहीत. सुख आणि श्राद्ध एका पिशवीत घालून आणायची आपल्याला सवय आहे. सहल म्हणजे निव्वळ मजा, तिच्यात दुसरं काही मिसळलं की ती नासते, ही कल्पना टूरवाल्यांच्या रंगीत पत्रकांसोबत आपल्या घरात आली.

मी स्वतः खडकीची वॉर सिमेट्री पाहिली ती ठरवून नव्हे. पुण्यात भाच्याकडे गेले होते, एका कामाला दोन तास अवकाश होता, ऊन मी म्हणत होतं आणि आत झाडं दिसली. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या समाध्या तिथे आहेत. पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून जास्त जणांच्या नावांचं स्मारकही आहे, त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे आणले. मी आपली वयं वाचत चालले होते. एकोणीस. बावीस. वीस. भाचा तेव्हा वीसचाच. तो म्हणाला, "मावशी, भूक लागली." बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला, दोन-दोन. लाज वाटायला हवी होती का, हे मी नंतर बराच वेळ स्वतःला चाचपून पाहिलं. नाही वाटली.

आता सासरे. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण ते चुकीचं काही बोलत नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात मिरवणुकीवर गोळ्या चालल्या, शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती पडले. शिरीषकुमार सोळाचाही पुरता नव्हता. तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचे थोरले भाऊ त्या मिरवणुकीत होते. मग त्यांच्या घरात ती गोष्ट इतिहासाच्या पुस्तकातून आलेली नाही, जेवणाच्या पंगतीत आलेली आहे. शिवाय इंग्रजांनी या शिपायांना मेल्यावरही सारखं वागवलं असं नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेलेल्यांचं बसऱ्याला स्मारक आहे, ४० हजारांवर मृतांचं. त्यावर गोऱ्यांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. सासऱ्यांना हे ठाऊक नसेल तर तुम्हीच सांगा. त्यांच्या रागाला तुम्ही आधार दिलात तर तो राग तुमच्यावरून उतरेल.

पण दुसरी बाजूही तुमच्या माहेरच्या पंगतीत बसलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांवर भारतीय त्या सैन्यात होते, आणि ते सक्तीने धरून नेलेले नव्हते, भरती झालेले होते. घरात चार भाऊ, जमीन आठ बिघे, त्यातली निम्मी गहाण, आणि दर महिन्याला मनिऑर्डर येईल असं सांगणारा भरतीवाला. पारोळ्याकडच्या पोराने तेव्हा बादशहाचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. आणि त्या रणांगणावर समोरून कोण येत होतं? जपानी सैन्य, आणि त्याच्या जोडीने आझाद हिंद सेना. १४ एप्रिल १९४४ ला या सेनेने मणिपुरात मोइरांगला तिरंगा लावला. एकाच महिन्यात, एकाच मुलखात, दोन्हीकडून आपलीच पोरं मरत होती. यातला बरोबर कोण हे ठरवायचं काम तुमचं नाही. मोठ्या मायचा नवरा कुठे गेला ते बघायला तुम्ही निघालात. त्याची बाजू बरोबर होती असं म्हटल्याशिवाय त्याच्या नावापुढे उभं राहता येत नाही, असं थोडंच आहे?

सासऱ्यांना एक विनंती करून पाहा. सहलीच्या आधी एखाद्या रविवारी त्यांनी पणतीला नंदुरबारला शिरीषकुमारच्या स्मारकावर न्यावं, आणि तुम्हालाही सोबत न्यावं. ते हो म्हणतील. त्या दिवशी तुम्ही कोहिम्याचा विषय काढू नका. गाडीतून परत येताना तेच काढतील, किंवा काढणार नाहीत.

नवऱ्याच्या 'तिथं गेल्यावर बघू'चा अर्थ आपल्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा. ते 'नाही'च असतं, फक्त त्याला प्रवासखर्च लागतो. म्हणून इथेच ठरवा.

आता तुमच्या तीन वाटा. सोडून दिलंत तर तुम्ही काही बोलणार नाही, फक्त काझीरंग्यात हत्तीपुढेही गप्प बसाल, आणि घरातले एकमेकांना विचारतील, हिला काय झालं? गुपचूप गेलात तर 'जरा बाजारात जाऊन येते' असं खोटं बोलावं लागेल. मोठ्या मायने आयुष्यभर कपाळावर उघड्यावर जे मिरवलं, ते तुम्ही पिशवीखाली लपवून नेणार? मला ते पटत नाही. आणि सगळ्यांना ओढून नेणं सगळ्यात वाईट. मुलगा घड्याळ बघणार, नात 'आजी, चल ना' करणार, सासरे फाटकाबाहेर पाठ करून उभे, आणि तुमचं सगळं लक्ष कोण किती कंटाळलंय याच्यावर. भिंतीवरचं एक अक्षर तुम्हाला वाचता येणार नाही.

मी असते तर नुसतं कळवलं असतं. परवानगी मागितली नसती, आमंत्रणही दिलं नसतं. "शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा मी तिथे असेन. ज्याला यायचं तो येईल, नाही तर साडेअकराला हॉटेलात भेटू." हे वाक्य आवाज न चढवता म्हणता येतं, आरशासमोर दोनदा म्हणून बघा. वेळापत्रकाची अडचण तर मुळात नाहीच. सिमेट्री शहराच्या मध्यावर, हॉर्नबिल महोत्सवाचं किसामा गाव तिथून दहा-बारा किलोमीटर. मुलाला फक्त तक्त्यात एक ओळ वाढवायचीय. कुणी सोबत आलंच तर माझा अंदाज सुनेवर आहे. तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही, आणि ज्या घरात सगळ्यांची मतं आहेत तिथे जिचं मत लिहायचं राहून गेलं ती बहुधा ऐकत असते.

इथवर आले तशी मी तुम्हाला थोडी दुखावणारी गोष्ट सांगणार आहे. तुम्ही गृहीत धरलंय की आजोबांचं नाव कोहिम्याच्या भिंतीवर आहे. ते तिथे नसण्याची शक्यता मोठी आहे. घरोघरी 'इंफाळ-कोहिमा' असं एका दमात म्हणतात, पण ती लढाई शेकडो मैलांत पसरलेली होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात उखरूलच्या बाजूला सांगशाकला लढली. २० ते २६ मार्च, पाण्याचा थेंब नसलेल्या टेकडीवर. तिथे अडकून पडल्यामुळे जपान्यांचे दिवस वाया गेले आणि कोहिम्याला तयारीला अवधी मिळाला. आजोबा त्या बटालियनीत असतील तर नाव इंफाळच्या स्मारकावर असू शकतं. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, अशा ब्रह्मदेशाच्या मोहिमेतल्या जवळपास २७ हजारांची नावं रंगूनजवळ ताउक्यानच्या स्मारकावर आहेत. तिथेही असू शकतं.

म्हणून आधी शोधा. या सगळ्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. तिच्या संकेतस्थळावर नावाने फुकट शोधता येतं. हे काम मुलाला द्या. 'वेळ नाही' म्हणणारी पोरं मोबाइलवर शोधायला लागली की मध्यरात्र करतात. त्याला एवढं सांगा. आडनाव टाकून बसू नकोस, कितीतरी शिपायांची नोंद नुसत्या नावाने आहे, बापाच्या नावासह. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं, तेव्हा एकच नाव चार-पाच प्रकारे लिहून बघ. आणि जळगाव जिल्हा शोधू नकोस. तेव्हा जळगाव जिल्हाच नव्हता, पारोळा पूर्व खानदेशात होतं. 'ईस्ट खानदेश' असं शोध. (धुळे-नंदुरबारकडच्या वाचकांनी 'वेस्ट खानदेश'.) बऱ्याच नोंदींमध्ये 'अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमकं गाव' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ताई, नोंद सापडली तर तिच्यात मोठ्या मायचं पाळण्यातलं नाही तरी लग्नातलं नाव असू शकेल. ते नाव तुम्हाला ठाऊक आहे ना? पत्रात कुठे आलेलं नाही.

नंबर सापडला तर काम सोपं होतं. पलटणीतला शिपाई क्रमांक मोठ्या मायच्या पेन्शनच्या कागदावर असणार, आणि तो कागद तुमच्या माहेरी पत्र्याच्या पेटीत असणार. इथे तुमचा भाऊ येतो. त्याच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, 'भावाला यात रस नाही.' विचारलंत का? की आपणच ठरवलंत? तार कुणाकडे आहे, कागद कुणाकडे आहेत, आखाजीला कुणाच्या घरात घागरी भरल्या जातात, या सगळ्याचं उत्तर तोच आहे. त्याला आज फोन करा. क्रमांक हाती आला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिता येतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर अर्ज कसा करायचा ते सांगतात. उत्तर यायला वेळ लागतो, डिसेंबरच्या आत येईल याच्या भरवशावर राहू नका.

नाव इंफाळला निघालं तर? तर याच सहलीत इंफाळ घुसवू नका. मणिपुरातली परिस्थिती मे २०२३ पासून बिघडलेली आहे. म्हातारी माणसं आणि लेकरू घेऊन तिथे जायचं की नाही, हा वेगळा आणि जास्त गंभीर विचार आहे. आणि रंगूनला निघालं तर तेही या वर्षी राहू द्या. कोहिम्याला मात्र तरीही जा. ज्या मुलखात तो माणूस संपला तो तुम्ही पाहिलेला असेल. मोठी माय 'तठे' म्हणायची, पण तिचं तठे म्हणजे बोरी नदीच्या पलीकडचं काहीतरी होतं, तिला त्याचा डोंगर, धुकं, थंडी यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हाला कळेल.

तिथे करायचं काय, हे तुम्ही अगदी शेवटी, जरा संकोचून विचारलंय. विशेष काही नाही. तिकीट नाही, विधी नाही. फाटकापाशी भेटीची वही असते, तिच्यात मराठीत लिहा. वर जाताना वाटेत पांढऱ्या रेघा दिसतील. तिथे जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं, आणि त्या एका कोर्टाच्या दोन कडांना दोन सैन्यं हातबॉम्ब फेकत आठवड्यामागून आठवडे भिडलेली होती. १९४४ ची आखाजी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली, तेव्हाही ते चालूच होतं. स्मारकावर नावं सरसकट अक्षरक्रमाने नसतात, पलटणीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे असतात. पॅनेलचा क्रमांक आधीच कागदावर लिहून न्या, नाही तर ९१७ नावांत मान अवघडेल. सुटी फुलं न्या, प्लॅस्टिकच्या कागदातला गुच्छ नको. हळदकुंकू दगडाला किंवा धातूच्या पाटीला लावू नका, डाग पडतात आणि माळ्याला घासत बसावं लागतं. उदबत्ती, दिवा, नारळ फोडणं, तेही नको. आपल्या शेतातली मूठभर दादर ज्वारी न्यावी असं तुमच्या मनात येईल, मला तुम्ही थोड्या कळलात. न्या. पण वाफ्यात टाकू नका, उगवली तर तण म्हणून उपटतील. बाहेर पाखरांना टाका. नावासोबत स्वतःचा फोटो काढावासा वाटला तर काढा, त्यात काही गैर नाही. फक्त दुसऱ्याच्या समाधीवर टेकू नका.

अशीच पत्रं मला अधूनमधून येतात, म्हणून इतरांसाठी दोन शब्द. सिंगापूरच्या टूरला जाणाऱ्यांनो, क्रांजी वॉर सिमेट्रीला मेट्रोने जाता येतं. तिथल्या भिंतींवर २४ हजारांवर नावं आहेत, त्यात भारतीय भरपूर. युरोप टूरमध्ये फ्रान्सचा मोकळा दिवस मिळाला तर नव्ह शापेलला पहिल्या महायुद्धातल्या ४,७०० वर भारतीयांचं स्मारक आहे. इटलीत कासिनोच्या स्मारकावर रायगड जिल्ह्यातल्या यशवंत घाडगे यांचं नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालेला हा मराठा पलटणीचा नाईक १० जुलै १९४४ ला इटलीतच पडला. आणि कुठेच जायचं नसेल तर आपल्या गावच्या चावडीची किंवा जुन्या शाळेची भिंत बघा. 'या गावातून इतके जण लढाईवर गेले, इतके परतले नाहीत' अशा इंग्रजी अक्षरांच्या संगमरवरी पाट्या महाराष्ट्रात कितीतरी गावांत आहेत, बऱ्याचशा चुन्याच्या थराखाली.

राहिली घागर. तुम्ही ते थेट विचारलं नाही, पण पत्राच्या मधोमध ती ओळ आहे. कोहिम्याला जाऊन आल्यावर पुढच्या आखाजीला त्यांची घागर भरावी का? मला याचं उत्तर देता येत नाही. मोठ्या मायने नाही म्हटलं ते अडाणीपणाने म्हटलं असं मी मानत नाही. तार तिनेही वाचून घेतली होती. ती असताना तो निर्णय तिचा होता, आता तुमचा आणि भावाचा आहे, आणि भिंतीपुढे उभ्या असताना तो करू नका. दोघांनी मिळून करा, आखाजीला अजून वेळ आहे. पण एक विचारून ठेवते. मोठी माय गेल्यापासून तिच्या स्वतःच्या नावाची घागर कोण भरतं?

आणि हो, नागालँडसाठी इनर लाइन परमिट लागतं, ते सातही जणांचं वेळेत काढा. सिमेट्रीत पायऱ्या बऱ्याच आहेत, सासरे आयत्या वेळी निघालेच तर त्यांची काठी गाडीत असू द्या. सकाळचीच वेळ धरा. आपल्याकडे डिसेंबरात सहापर्यंत उजेड असतो, कोहिम्यात साडेचारलाच अंधारून येतं.